माशांचा गुरुवार

१

आमच्या घरात रोज वेगळं जेवण मिळायचं ते फक्त माशांना.

सोमवारी उकडलेल्या अंड्याचा बलक, मलमलच्या फडक्यात बांधून पाण्यात हलवलेला. मंगळवारी डासांच्या अळ्या. त्या विमल मागच्या अंगणातल्या फुटक्या रांजणात मुद्दाम वाढवायची, आणि नगरपालिकेच्या डास-निर्मूलनाचे तीन लेखांत वाभाडे काढणारा मी ते रोज मुकाट्याने पाहायचो. बुधवारी मऊ उकडलेला पालक. शुक्रवारी कलेजी, किसणीवर किसून. शनिवारी ब्लेडने बारीक चिरलेलं गांडूळ. रविवारी ज्वारीच्या पिठाची उकड आणि वर सुकटीची पूड. गुरुवारी मात्र उपास. आठवड्यातून एक दिवस पोट रिकामं राहिलं की मासे निरोगी राहतात आणि पाणी निवळ राहतं, म्हणे.

मला सातही दिवस तुरीचं वरण आणि भाकर.

हे वेळापत्रक भगवानरावांच्या हातचं. शेतकी खात्यातले हे गृहस्थ शेजारी राहायचे. एकसष्टच्या पावसाळ्यात त्यांची चांद्याला बदली झाली, तेव्हा लोखंडी चौकटीची ती काचेची टाकी, आतले गप्पी, मोली, लाल तलवारशेपट्या आणि दोन पट्टेवाले एंजल, सगळं ते विमलच्या हवाली करून गेले. बरोबर एक पुठ्ठा. त्यावर ठसठशीत अक्षरात वार आणि पदार्थ, आणि 'गुरुवार : उपास' खाली तांबड्या शाईची रेघ. विमलने तो टाकीच्या वर खिळ्याला टांगला. माझी छापून आलेली एकही बातमी तिने आजवर भिंतीला लावली नव्हती.

"माशायले सात पदार्थ, अन् मले एक," मी एकदा म्हणालो.

"सा," ती म्हणाली. "गुरुवारी उपाशी रायतात थे."

"विषय थो नाई."

"तुमी कदी येसान याचा नेम नाई. येता थे भांडतच येता. कोनासंग भांडले थे सांगता, मंग पेपर डोक्षावर घेऊन झोपता. मासे वाट पाह्यतात जी. मी आली का काचेपाशी येतात."

थंडीत पाणी कोमट राहावं म्हणून टाकीच्या झाकणात साठचा बल्ब लावलेला असायचा. त्या उजेडात ती वाकून बसली की तिचा चेहरा कोवळा दिसायचा. चौदा वर्षांच्या संसारात माझ्याकडे पाहताना तो तसा झालेला मला आठवत नव्हता. बोटाच्या पेराएवढ्या माशांचा मत्सर वाटतो हे कबूल करायला मला लाज वाटते, पण मी खोटी बातमी कधी दिलेली नाही आणि आताही देणार नाही.

२

गुरुवार हा माझा वणीच्या फेरीचा दिवस. पहाटे यवतमाळहून एस.टी. धरायची, मारेगावला उतरून तालुक्याच्या बातम्या गोळा करायच्या, दुपारी वणी, आणि दिवेलागणीनंतर परत. हे अकरा वर्षं चाललेलं होतं.

दिवाळीनंतरच्या एका गुरुवारी परत आलो. विमल स्वयंपाकघरात होती. मी टाकीजवळच्या खुर्चीत बसून जोडे सोडत होतो आणि सहज नजर गेली. गप्पी माशाच्या पोटाची कातडी जवळजवळ पारदर्शक असते. बलक खाल्ला की पोट पिवळं दिसतं, पालक खाल्ला की हिरवं. गुरुवारी ते चपटं आणि राखाडी हवं.

त्या दिवशी सगळ्यांची पोटं गच्च फुगलेली होती. रंग नारिंगी.

पुठ्ठ्यावरच्या कुठल्याच पदार्थाचा तो रंग नव्हता.

"आज माशायले काय घातलं?" मी विचारलं.

"आज गुरुवार हाये," आतून उत्तर आलं.

"मंग पोट काहून फुगले यायचे?"

ती पदराला हात पुसत आली, वाकली, आणि हसू दाबल्यासारखं तोंड करून म्हणाली, "मले काय विचारता?"

पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन केराची पाटी उपसली. गाजराचे शेंडे होते, ताजे, चांगले मूठभर. आमच्या घरी गाजर येत नसे. विमलला लहानपणापासून आवडायचं, पण बाजार करायचा मी, आणि मला वाटेत पिशवी वागवायचा कंटाळा. तिने मागितलं नव्हतं असं नाही. मी आणलं नव्हतं.

म्हणजे कोणीतरी आणत होतं.

३

बातमीदाराला संशय आला की तो आधी पुरावा शोधतो, बोभाटा मागाहून करतो. माझा संशय भगवानरावांवर होता. चांद्याहून वणी, वणीहून यवतमाळ. मी इकडून जायचो तेव्हा तो तिकडून येत असेल. एकाच रस्त्यावर आमच्या गाड्या एकमेकींना ओलांडत असतील, आणि मी खिडकीत बसून त्याच्याच गाडीची धूळ खात असेन. ह्या विचाराने दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

वणीत शेतकी खात्याचा एक कारकून ओळखीचा होता. मधल्या वारी मुद्दाम जाऊन त्याला चहा पाजून विचारलं. तो म्हणाला, "भगवानराव? मोठ्ठे साहेब झाले जी आता. दर गुरुवारी चांद्याले मीटिंग घेतात. चार गुरुवार झाले, म्याच लिवून राह्यलो ना त्याचं टिपण. दिवसभर सोडत नाई मानूस."

मला हायसं वाटायला हवं होतं. नावगाव असलेला शत्रू हातचा गेला म्हणून उलट चीड आली.

मग मोतीबाईला गाठलं. ही तांड्यावरची म्हातारी आठवड्यातून दोन-तीनदा मोळी घेऊन यायची. मागच्या गल्लीत, आमच्या टाकीच्या खिडकीखालीच ती मोळी उतरवून दम खात बसायची. शंभर वाकड्या बातम्या मी अशा सरळ माणसांकडून काढलेल्या आहेत.

"मोतीबाई, गुरुवारी घरी कोन येते आमच्या?"

"कोन येईन साहेब?"

"तू पाह्यते ना खिडकीतून. खरं सांग. कोनी मानूस येते का?"

तिने मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मी तिची थट्टा करतो आहे की परीक्षा घेतो आहे हे तिला कळेना. हातातल्या हस्तिदंती बांगड्या वर सरकवत ती म्हणाली, "गुरुवारी तं तुमीच रायता घरी. म्या पाह्यलं ना. माशाले खिलवता, बाईसंग बसून गोठी करता. मले पानी भी देल्लं तुमी मागच्या खेपेले." मग म्हणाली, "बाकी दिवशी नाई देत."

४

म्हातारीची नजर अधू झाली असेल. वाराची गल्लत होत असेल. विमलने तिला पढवलं असेल. ही तिन्ही कारणं मी वहीत लिहून काढली आणि तिन्ही पटली नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी नेहमीसारखी पहाटे पिशवी उचलली, एस.टी.त बसलो आणि गावाबाहेरच्या पहिल्याच थांब्यावर उतरलो. जिनिंगच्या आवाराजवळ कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. तिच्या आडोशाने चार-पाच तास काढले. अकराच्या सुमाराला मागच्या गल्लीत शिरलो. लख्ख ऊन होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अंधाराचा फायदा मी कोणाला देणार नाही.

खिडकीचं दार अर्धं उघडं होतं. गजांच्या आत लगेच टाकी, आणि टाकीतल्या पाण्यातून पलीकडची खोली दिसत होती, जरा वाकलेली, जरा हिरवट.

विमल जमिनीवर पाट घेऊन बसली होती. गाजर किसत होती. आणि हसत होती. तोंडावर पदर न घेता, मान मागे टाकून.

कोणीतरी तिला गोष्ट सांगत होतं. आवाज हलका, शांत. मी कान दिला. ती गोष्ट माझी होती. एका कलेक्टरला मी भर बैठकीत माफी मागायला लावली होती ती. मी ती विमलला शंभर वेळा सांगितली असेल आणि शंभर वेळा ती उठून दूध पाहायला गेली असेल. हा माणूस मात्र तीच गोष्ट वेगळी सांगत होता. ह्याच्या गोष्टीत कलेक्टर शहाणा होता, आणि फजिती सांगणाऱ्याची होत होती.

मग टाकीच्या वर एक हात आला. चिमटीत उकडलेल्या गाजराचा लगदा. सगळे मासे वर उसळले आणि बोटांना लुचू लागले. सदऱ्याची बाही दिसली. कफावर निळ्या शाईचा डाग होता, बदामासारखा.

मी माझ्या बाहीकडे पाहिलं. तोच सदरा माझ्या अंगात होता. डागही तोच, तिथेच.

वळसा घालून पुढच्या दारी यायला चाळीस पावलं. मी धावतच गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आत विमल एकटी, मांडीवर किसणी. टाकीजवळच्या खुर्चीत कोणी नव्हतं. खुर्चीच्या हातावर चहाची बशी, कपातून वाफ निघत होती.

ती दचकली नाही. मान वर करून, आत्ताच कोणी उठून अंगणापर्यंत गेलं असावं अशा सुरात म्हणाली, "भेटली काय मोतीबाई? घ्या नं, च्या थंडा होते."

५

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी इतका ओरडलो नसेन. कोण होता तो, कुठे लपवला, कधीपासून चाललंय. मी पलंगाखाली पाहिलं, धान्याच्या कोठीत पाहिलं. विमल सुरुवातीला गोंधळली, मग घाबरली. शेवटी तिचा चेहरा नेहमीसारखा झाला, म्हणजे दार लावून घेतल्यासारखा.

"आता कसे भांडून राह्यले," ती म्हणाली. "आज गुरुवार असून."

"म्हंजे?"

"गुरुवारी तुमी भांडत नाई जी. दोन मयने झाले. वनीची फेरी सोडून देल्ली म्हनून सांगतलं तुमीच. गाजरं आनता. बसता. मले वाटलं मानूस सुदरला."

"अन् सांजच्यानं जो घरी येते, धुळीनं भरलेला, थो कोन?"

ती विचार करू लागली. खरोखरच विचार करत होती. हे तिने आजवर जोडूनच पाहिलं नव्हतं. "थे भी तुमीच," ती अखेर म्हणाली. "रागात असता थे."

बायको खोटं बोलते आहे असं मला वाटलं असतं तर बरं झालं असतं.

"ठीक हाये," मी म्हणालो. "आता सगळे गुरुवार मी घरी. वनीची फेरी बंद. पाह्यतो कोन येते थे. गुरुवार माहा."

ह्या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो. माझ्या घरातला एक दिवस कोणीतरी बळकावला होता आणि मी तो हक्काने परत घेतला होता.

विमलने किसलेलं गाजर ताटलीत गोळा केलं. "मंग तुमी कोठं जासान?" तिने विचारलं. तिने हे मला विचारलं की त्याला, ते मी तिला विचारू शकलो नाही.

६

पुढच्या गुरुवारी मी दिवसभर टाकीसमोरच्या खुर्चीत बसून राहिलो. कोणी आलं नाही. मासे उपाशी होते, तळाशी वाळूवर तोंड घासत होते. विमल माझ्याकडे पाठ करून तूर निवडत होती. मी कलेक्टरची गोष्ट काढली, त्याने सांगितली तशी सांगायचा प्रयत्न केला. ती उठून दूध पाहायला गेली. तरी संध्याकाळी मी समाधानाने झोपलो. मी जिंकलो होतो.

शुक्रवारी दुपारी कोर्टातून घरी आलो. जेवायला बसलो, तर पान मांडलेलं नाही.

"जेवले ना आत्ता," विमल म्हणाली. गाल तांबूस झालेले, आवाजात हसू. "कलेजी तुमीच किसून घातली माशायले, मंग हात धून जेवले. गाजराची कोशिंबीर दोन डाव घेतली. इतल्यात भूक लागली बाप्पा?"

टाकीतल्या गप्पींची पोटं काळपट तांबडी आणि टम्म होती.

शनिवारी मी अकरालाच परतलो. तेव्हाही जेवून झालेलं होतं. रविवारी घरातून हललो नाही. फक्त बारा वाजता नळावर हातपाय धुवायला गेलो. तोंड पुसत आत आलो तर विमल सुकटीच्या पुडीचा डबा बंद करत होती आणि माझं ताट घासायला पडलं होतं. जेवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा कोण वाढतं? मी बाजारात भजी खाऊन दिवस काढू लागलो.

मग नागपूरहून संपादकांचं पत्र आलं. ह्या माणसाने दहा वर्षांत माझी एकही बातमी काटछाट न करता छापलेली नव्हती. पत्रात होतं: 'किसनराव, अलीकडे आपल्या लिखाणात जो समतोलपणा आला आहे तो वाखाणण्यासारखा आहे. मारेगावची बातमी जशीच्या तशी घेतली.' मारेगावची बातमी मी पाठवली नव्हती. अंक मिळवून वाचली. वळण माझं, वाक्यं माझी, पण कुठेही दात नव्हते. चांगली होती. हेच सहन होत नाही. माझ्यापेक्षा चांगली होती.

मी रोज जागा राहून पाहिलं, दाराला आतून कडी घालून पाहिलं. पण माणूस कधीतरी पापणी मिटतो, कधीतरी पाण्याला उठतो. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवेपर्यंत घरातला तो दिवस कोणीतरी जगून घेतलेला असायचा. सोमवारचा बलक, मंगळवारच्या अळ्या, बुधवारचा पालक. सगळे वार भरलेले. मी गुरुवार मागितला होता, आणि तो मात्र बिनबोभाट माझा झाला होता. त्या दिवशी खुर्ची रिकामी असायची. त्या दिवशी मी दिसायचो. विमल माझ्याशी गरजेपुरतं बोलायची, मासे तळाशी पडून राहायचे, आणि तीही, मासेही शुक्रवारची वाट पाहायचे.

पौषात मी कळंबच्या एका धर्मशाळेत खोली घेतली. आठ-दहा दिवसांत शुद्धीवर येईन, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

७

धर्मशाळेत तेरा दिवस काढले. मधल्या दोन्ही गुरुवारी घरी गेलो नाही. म्हटलं, निदान गुरुवारी तिला माझी उणीव भासेल. उणीव भासली की ती दारात उभी राहील. हीच एक आशा धरून मी चौदाव्या दिवशी यवतमाळच्या गाडीत बसलो. मंगळवार होता. वार मी निवडला नव्हता, गुरुवारपर्यंत दम निघाला नाही इतकंच.

दुपारी तीनला माझ्या घराच्या ओसरीवर उभा राहिलो. दाराला नवा पडदा होता. आतून बल्बचा पिवळा उजेड पायरीपर्यंत येत होता, आणि पाण्यात बोटं बुडवून कोणी झटकावीत तसा बारीक आवाज.

मी कडी वाजवली.

पडदा सरला. विमल. अंगावर नवं लुगडं, दंड भरलेले, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेलेली. एवढी सुंदर ती लग्नातही दिसली नव्हती. मला पाहून तिने पदर डोक्यावर घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा.

"कोन पायजे जी?"

मी तिचं नाव घेतलं. निदान घेतलं असं मला वाटलं.

तिच्या खांद्यावरून टाकीचा कोपरा दिसत होता. झाकण उघडं होतं. पाण्याच्या वर बदामी डागाची बाही, आणि तिच्या वर, बल्बच्या उजेडाने पुसून टाकलेला, एका चेहऱ्याचा काठ. जबड्याची रेघ आणि कान. तो कान मी आजवर फक्त फोटोत पाहिला आहे. त्या क्षणी सगळे मासे बोटं सोडून काचेपाशी आले, ओळीने, आणि माझ्याकडे तोंड करून थांबले. एंजलचे पट्टे हलत नव्हते. मग एकेक करून ते वळले आणि परत हाताकडे गेले.

"विमल, कोन हाये गं?" आतून विचारलं. माझा आवाज. पण असा आवाज मी तिच्याशी बोलताना कधी लावला नव्हता.

"मालूम नाई. दूरून आल्यासारखे वाटतात." तिने मला पुन्हा नीट पाहिलं. तिच्या नजरेत भीती नव्हती, राग नव्हता. दमलेल्या वाटसरूची करावी तेवढी कणव होती. "साहेब घरीच हायेत. माशायले खाऊ घालून राह्यले. बोलावू का?"

मंत्र्याच्या गाडीला आडवा पडलेला माणूस आहे मी. पोलिसांच्या लाठ्या खाऊन दुसऱ्या दिवशी सही करून बातमी दिलेली आहे. आत जायचं, त्या बाहीला धरायचं, उजेडात ओढायचं आणि सगळं तोंड पाहायचं, एवढंच करायचं होतं.

"नको," मी म्हणालो. "गुरुवारी येतो."

तिने मान हलवली. पडदा सोडता सोडता, भल्या मनाने आधीच सांगून ठेवावं तसं म्हणाली,

"गुरुवारी उपास रायते जी आमच्या इथं."